माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगररांगेने ढग अडवल्यामुळे कमी पाऊस मिळणारा पट्टा आहे. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांतील त्याच्या माळरानांविषयी तीन गैरसमज रूढ असून त्यांची किंमत ही माळराने आजही मोजत आहेत.

गैरसमज 1 : येथे पूर्वी घनदाट अरण्य होते, ब्रिटिशकालीन तोड आणि चराई यांमुळे माळ उरला.
वस्तुस्थिती : आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा आढळलेल्या 44 रानवनस्पतींपैकी 27 वनस्पती सव्हानाच्या, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्या निदर्शक ठरल्या. हिवर, बाभूळ, तरवड यांचा हा माळ त्यामुळे किमान साडेसातशे वर्षे जुना आणि वसाहतकाळापूर्वीचा ठरतो.

गैरसमज 2 : माळ ही पडीक, निरुपयोगी जमीन आहे.
वस्तुस्थिती : ‘पडीक’ हा निसर्गाचा नव्हे, महसुलाचा शब्द आहे. जिच्यातून सारा मिळत नाही ती जमीन वाया गेलेली, ही वसाहतकालीन दृष्टी पुढे सरकारी नोंदींतही टिकली. प्रत्यक्षात पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांवर धनगरांचे कळप पोसले जातात आणि पुढे शेतात मेंढ्या बसवल्या की त्यांच्या लेंडीखताने तीच माळाची सुपीकता शेतकऱ्याच्या रानात उतरते.

गैरसमज 3 : कोणत्याही मोकळ्या जमिनीवर झाडे लावणे हिताचेच असते.
वस्तुस्थिती : माळावरील गवतांना भरपूर ऊन लागते, त्यामुळे गिरिपुष्पासारख्या परकीय झाडांच्या दाट लागवडीखाली ती मागे हटतात. उघड्या जमिनीवरच अंडे घालणारा आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून मोकळा परिसर शोधणारा माळढोकही अशा लागवडीमुळे बेघर होतो. 1979 मध्ये नान्नज परिसरात त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तरी महाराष्ट्रात हा पक्षी आज जवळपास नाहीसा झाला आहे. शिवाय गवताळ प्रदेशातील कार्बनचा मोठा साठा मुळांत व मातीत असल्याने तेथे झाडांसाठी जमीन उकरणे हेही नुकसानीचेच ठरते.

अतिचराईने काही माळ खरोखर खंगले आहेत. मात्र त्यावर उपाय गवत पुन्हा वाढू देण्याचा आहे, त्याच्या जागी जंगल उभारण्याचा नव्हे. म्हणून माळावर रोप लावण्यास निघालेल्या प्रत्येकाने प्रथम ती भूमी मुळात कशाची होती, हे विचारावे.