मूठभर धान्याचा धडा

१९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. हा भार अनेकांनी उचलावा, यासाठी भाऊरावांनी घरोघरी मूठभर धान्य मागणारा मुष्टिफंड उभारला.

रत्नागिरीत निधीसाठी प्रथमच आनंदमेळा भरविणाऱ्या शाळेने हेच सूत्र धरावे. मेळा पाऊस सरल्यावर, परीक्षांपूर्वी भरवावा. एका दात्यावर विसंबण्यापेक्षा कोकम सरबत, घावन, नारळाच्या वड्या घराघरांतून याव्यात. पदार्थांची विक्री सूर्यास्तापूर्वी संपवावी. रोख पैशांऐवजी कूपने चालवावीत. जमाखर्च दुसऱ्याच दिवशी फलकावर लावावा. पहिल्या मेळ्यात रक्कम थोडी जमली तरी चालेल. विश्वास मात्र तुटू नये. ज्याने मूठभर दिले, त्याला शाळा आपली वाटते.