सुई मारल्यावर पाय लुळा पडला? वेळ दवडू नका

विंचूर (ता. निफाड) : कांद्याचा हंगाम असला की विंचूर उपबाजारात हमाली करणाऱ्याला एका दिवसाची रोजीही बुडवणं परवडत नाही. मग ताप आला की आपणच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, गोळ्या नकोत, सुई मारा." बहुतेकांना काहीच होत नाही. पण क्वचित कुणाचा पाय लुळा पडतो. असं का होतं, ते आम्ही इथे सांगतो.

आपण 'कमरेवर' म्हणतो ती सुई खरं तर कुल्ल्यावर देतात. तिथूनच सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस पायात उतरते. म्हणून सुई कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या भागात द्यायची असते. जागा चुकली तर सुईची टोच आणि आतलं औषध, दोन्हींनी नसेला इजा होते. लहान मुलं आणि हडकुळी माणसं यांच्या अंगावर मांस कमी, म्हणून त्यांना धोका जास्त.

सुई मारताच पायात करंट उतरल्यासारखी कळ आली, तर तिथेच बोला, सुई थांबवायला सांगा. नंतर पाय बधिर झाला, पाऊल वर उचलेना, चप्पल निसटू लागली, तर त्याच दिवशी दाखवा. लासलगावला ग्रामीण रुग्णालय आहे, नाशिकला जिल्हा रुग्णालय.

नजर लागली म्हणून दिवस घालवू नका. दुआ करा, सोबत इलाजही करा. बधिर पायाला शेक देऊ नका. चटका बसला तरी कळत नाही. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणून बरं व्हायला महिने लागतात. तोवर पाऊल सरळ ठेवणारा पट्टा आणि रोजचा व्यायाम सोडू नका. काहींना ऑपरेशनही लागतं.

१५ वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला, तर पोलिओ नाही ना, हे पाहायला शौचाचे दोन नमुने घेतात. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी ही तपासणी चालूच आहे. घाबरू नका, लपवूही नका.

आणि या भीतीने बाळाची लस चुकवू नका. बाळाला कुल्ल्यावर लस देतच नाहीत. पेंटाव्हॅलंट मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात, तिथे ही नस नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा, "गोळीने भागेल का?"