राखणीच्या कुत्र्यास स्नान किती वेळां घालावें?

सात-बाराच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद होते, आंब्याच्या झाडांची होते, पडीत जमिनीचीही होते. परंतु ज्याच्या भुंकण्याच्या जोरावर रात्रीं पंपाची केबल, खळ्यावरील रास व गोठ्यांतील वासरें सुरक्षित राहतात, त्या कुत्र्याची नोंद तेथें कोठेंच सांपडत नाहीं. महसुली दप्तरांत आमची उमर गेली, सबब ही उणीव आम्हांस विशेष जाणवते. असो. नोंद नसली तरी निगा ठेवण्यास कोणाची हरकत नाहीं; आणि या निगेंत स्नानाविषयीं आमच्या शेतकरी बंधूंत जेवढी मतभिन्नता आढळते तेवढी दुसऱ्या कोणत्याही बाबतींत आढळत नाहीं.

एक पक्ष जुन्या मंडळींचा. कुत्र्यास पाणी लावावयाचें नसतें, तें पावसांत भिजतें तेवढें पुरें, असें त्यांचें म्हणणें. दुसरा पक्ष घरांतील शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलांचा. तालुक्याच्या गांवीं कुत्र्यांच्या शाम्पूच्या बाटल्या आतां मिळूं लागल्या आहेत. शहरांतील नातलगांकडे दर रविवारीं कुत्र्यास न्हाऊं घालतात हें मुलांनीं पाहिलेलें असतें, व तोच क्रम मळ्यांतील कुत्र्यास लावण्याची त्यांना हौस असते. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. मात्र जुन्या मंडळींची चूक कमी नुकसानीची आहे. आखूड केंसांच्या, मळ्यांत मोकळ्या फिरणाऱ्या गांवठी कुत्र्यास महिन्या-दोन महिन्यांतून एकदां स्नान घातलें तरी पुरेसें होतें. मध्यंतरीं तें शेणांत किंवा कुजक्या घाणींत लोळून आलें तर गोष्ट निराळी. त्या वेळीं पंचांग पाहण्याचें कारण नाहीं. परंतु केवळ आठवडा झाला म्हणून साबण लावणें हें निरर्थक, आणि पुष्कळदां अपायकारकही आहे.

ही गोष्ट शेतकऱ्यास चटकन् पटत नाहीं, याचें कारण त्याच्या गोठ्यांतच आहे. म्हशीला उन्हाळ्यांत रोज पाण्यांत बसविली पाहिजे हें तो जाणतो. बैल निदान पोळ्याला तरी नदीवर नेऊन घासून धुतला जातो. मग कुत्र्यानेंच काय पाप केलें? परंतु म्हशीच्या काळ्या कातडींत घामाच्या ग्रंथि गाईच्या मानानें थोड्या, म्हणून उन्हाचा ताप तिला पाण्यांत बसून घालवावा लागतो. कुत्र्याची रचना याहून निराळी. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंगांतील उष्णता तें जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितें. त्यामुळें माणसाच्या अंगावर जसा रोजचा रोज घामट मळ सांचतो, तसा त्याच्या अंगावर सांचत नाहीं. उलट केंसांच्या मुळाशीं एक तेलकट द्रव्य पाझरत असतें. तें केंसांवर पसरून पाणी व धूळ यांपासून कातडीचें रक्षण करतें. वारंवार साबण लावून आपण हें चिलखतच उतरवून ठेवतों.

साबणाची गोष्ट तर स्वतंत्रपणें सांगण्यासारखी आहे. माती-परीक्षण करून घेणाऱ्या वाचकांस सामू म्हणजे काय हें समजाविण्याची गरज नाहीं. माणसाच्या कातडीचा सामू साडेपांचाच्या आसपास, म्हणजे किंचित् आम्ल. कुत्र्याच्या कातडीचा सातच्या जवळपास. आणि धुण्याच्या साबणाचा नऊ-दहाच्या घरांत. चोपण जमिनींत पिकाची जी दशा होते तीच विम्ल साबणानें कुत्र्याच्या कातडीची होते. शिवाय त्याची कातडी माणसाच्या कातडीहून पातळ असते. ती कोरडी पडते, कोंडा धरते, कुत्रें खाजवूं लागतें. खाजवितें म्हणजे मळलें असें समजून मालक पुन्हां साबण लावतो! चार वेळां असें झालें कीं नखांनीं जखमा होतात, जखमांवर माशा बसतात, आणि पावसाळा असला तर अळ्या पडण्यास वेळ लागत नाहीं. कुत्र्यांसाठीं मुद्दाम तयार केलेला शाम्पू याच कारणास्तव बरा. तो नसेल तर नुसत्या कोमट पाण्यानें भागवावें. रिठ्याचें पाणी कित्येक जण वापरतात. तें डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

केंसांच्या जातीप्रमाणें या नियमांत थोडा फरक पडतो. मुधोळ किंवा कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचे केंस इतके आखूड व तुळतुळीत असतात कीं आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें अंग पुसलें तरी तें स्वच्छ दिसतें. याच मुधोळ कुत्र्याचें टपाल तिकीट भारत सरकारच्या टपाल खात्यानें २००५ सालीं काढलें होतें. कारवानांतील पश्मी म्हणतात त्या प्रकारास कान व शेंपटीवर लांब केंस असतात. तेथें फणी फिरवावी लागते. अलीकडे बागाईतदारांच्या बंगल्यांवर अल्सेशियन व लॅब्राडोर दिसूं लागले आहेत. यांच्या वरच्या केंसांखालीं दाट लोकरीसारखा दुसरा थर असतो व तो एकदां भिजला म्हणजे लवकर वाळत नाहीं. पावसाळ्यांत अशा कुत्र्यास वरचेवर धुणें म्हणजे कातडीवर बुरशीची लागण करून घेणें होय. पांढऱ्या केंसाळ पॉमेरेनियनला मात्र तीन-चार आठवड्यांनीं स्नान लागतें, आणि त्यापूर्वीं केंसांच्या गांठी सोडवाव्या लागतात. ओल्या झालेल्या गांठी मग कात्रीनेंच सुटतात.

खरी निगा स्नानांत नाहीं, ब्रशांत आहे. काळ्या रानांतून कुत्रें चिखलांत भरून आलें कीं घरांतील बाया पाण्याची बादली उचलतात. ओला चिखल चोळला तर तो केंसांच्या मुळापर्यंत जातो. तो तसाच वाळूं द्यावा, आणि मग काथ्याच्या किंवा साध्या जाड ब्रशानें केंसांच्या वळणाप्रमाणें झाडावा. माती भुगा होऊन गळून पडते. दुसरा फायदा असा कीं, ब्रशाच्या मागोमाग हात फिरतो व हाताला गोष्टी कळतात : कोठें गांठ आहे, कोठें कुसळ रुतलें आहे, कानाच्या मुळाशीं व बोटांच्या बेचक्यांत काय चिकटलें आहे. बांधावरील कुसळी गवत वाळण्याच्या दिवसांत बेचक्यांत शिरलेलें कुसळ आंत आंत सरकत जातें व पू होतो. तें स्नानानें निघत नाहीं; डोळ्यांनीं पाहून काढावें लागतें.

आतां गोचिडीकडे वळूं; कारण कुत्र्यास स्नान कशासाठीं घालतां असें विचारल्यास बहुतेक जण गोचिडीचेंच नांव घेतात. येथेंच मोठा गैरसमज आहे. तोंड कातडींत रुतवून बसलेली गोचीड पाण्यानें बुडत नाहीं आणि साबणानें सुटत नाहीं. शिवाय कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीचें बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगावर जातच नाहीं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खालीं गळून पडते, भिंतीच्या भेगांत किंवा जोत्याच्या सांध्यांत शिरते, तेथें हजारों अंडीं घालते व मरते. अंड्यांतून निघालेलीं पिलें कुत्र्यावर चढतात, रक्त पिऊन गळतात, कात टाकतात व पुन्हां चढतात. पूर्ण वाढ होईपर्यंत असें दोन वेळां घडतें, आणि मधल्या काळांत तीं महिनोगणती उपाशी राहूं शकतात. मग कुत्रें धुवून काय उपयोग? धुवावयाचें तें त्याच्या बसण्याचें गोणपाट, उकळत्या पाण्यानें. लिंपावयाच्या त्या गोठ्याच्या भेगा. पिसवांचीही हीच तऱ्हा. त्यांचीं अंडीं कुत्र्याच्या अंगापेक्षां अंथरुणांत व धुळींतच अधिक असतात.

गोचीड ही केवळ खाजेची बाब नव्हे. तिच्यामुळें कुत्र्यास गोचीड-ताप होतो. कुत्रें खाणें सोडतें, अंग तापतें, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधीं नाकांतून रक्त येतें, कधीं लघवी काळपट होते. रक्त तपासून वेळेवर औषध सुरू केल्यास पुष्कळ कुत्रीं वांचतात. दोन दिवस वाट पाहूं म्हणणाऱ्यांचीं बहुधा वांचत नाहींत.

या धास्तीपोटींच लोक भलतें करून बसतात. आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या मळ्यांत घडलेली हकीकत सांगतों. त्यांच्या मोत्याच्या कानांत गोचिडी फार झाल्या होत्या. डाळिंबावर फवारण्याचें औषध घरांत होतें. किडे मारतें तें गोचीडही मारील, या हिशेबानें त्यांच्या थोरल्या मुलानें बादलीभर पाण्यांत दोन झांकणें औषध ओतून मोत्यास चोळून आंघोळ घातली व सावलींत बांधून ठेवलें. आम्ही सहज तिकडे गेलों होतों. घरच्या वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, “भाऊसाहेब, जरा बघा हो, मोत्याची लाळ काय थांबत नाहीं.” पाहतों तों तोंडाला फेंस, डोळ्यांतून पाणी, मागचे पाय थरथरताहेत, उलटी व हगवण चाललेली. बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या झालेल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेईपर्यंत वाटेंतच तो गेला. मुलगा पुढें कित्येक दिवस कोणाशीं बोलत नव्हता. त्यानें काळजीपोटींच केलें होतें. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

पिकावरील पुष्कळशीं कीटकनाशकें कातडींतून सरळ रक्तांत जातात, आणि कुत्रें अंग चाटतें म्हणून पोटांतही जातात. बाटलीवरील चौकोनांतला खालचा रंगीत त्रिकोण वाचकांनीं पाहिलाच असेल. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ कोणीं करूं नये. तो कमी विषारी, इतकेंच. चुकून असें औषध कुत्र्यास लागलेंच, तर मात्र तेव्हां आठवड्याचा हिशेब पाहूं नये. हातांत मोजे घालून भरपूर पाण्यानें व सौम्य साबणानें तत्काळ धुवावें, तूप-तेल-दूध पाजूं नये, मुद्दाम ओकविण्याच्या भरीस पडूं नये, आणि ती बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे धांव घ्यावी. उतारा कोणता द्यावयाचा तें बाटलीच्या चिठ्ठीवर छापलेलें असतें. मोत्याच्या वेळीं बाटली मळ्यांतच राहिली होती.

खरजेवर गाडीचें जळकें ऑइल चोळण्याची चाल अजून पुष्कळ गांवीं आहे. त्यानें कातडी भाजते व चाटल्यानें विष पोटांत जातें. फिनेल, घासलेट, तंबाखूचें पाणी हींही त्याच पंक्तींतलीं. गुरांसाठीं दिलेलें गोचिडीचें औषधही अंदाजानें कुत्र्यास लावूं नये. त्याचें प्रमाण निराळें असतें. घरांत मांजर असेल तर अधिकच जपावें, कारण कुत्र्यास मानवणारें पर्मेथ्रिन मांजरास मारतें. कुत्र्याच्या वजनाप्रमाणें मानेवर टाकावयाचे थेंब किंवा गोळी डॉक्टरांकडून घ्यावी. असे थेंब टाकण्यापूर्वीं दोन दिवस व नंतर दोन दिवस स्नान घालूं नये, नाहीं तर पैसे पाण्यांत गेले असें समजावें. दोन-चारच गोचिडी असतील तर चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढाव्या. बोटांनीं चिरडूं नयेत.

स्नान घालून दोन दिवसांत पुन्हां वास येऊं लागला, तर तो मळाचा वास नव्हे. कान पिकला आहे का, दांत किडले आहेत का, शेंपटीखालच्या ग्रंथि भरल्या आहेत का, कातडीवर बुरशी आहे का, हें पाहावें. आणखी एक स्नान हा त्यावर उपाय नाहीं.

स्नानास उघडिपीचा दिवस व सकाळीं दहा-अकराची वेळ चांगली. दोन-तीन महिन्यांच्या आंतील पिलांस, आजारी कुत्र्यास व विण्यास टेंकलेल्या कुत्रीस तें टाळावें. पाणी कोमट असावें. कानांत कापसाचे बोळे हलके बसवावे. आधीं मानेभोंवतीं फेंस करावा, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहींत; मग मागें मागें जावें. शाम्पू चोळण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो धुवून काढण्यास द्यावा. जुन्या धोतराच्या फडक्यानें अंग टिपून, कानांतील बोळे काढून, कुत्रें बाजेवर अथवा स्वच्छ फरशीवर तासभर बांधून ठेवावें. मोकळें सोडलें तर तें नक्की उकिरड्यावर जाऊन लोळतें. आपण लावलेला वास त्याला आवडलेला नसतो.