मुलाला ‘मंद’ म्हणण्याआधी विचारा: तपासणी कोणत्या भाषेत झाली?

चारठाणा-जिंतूर परिसरातल्या तांड्यांवर बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात आणि शाळेत मराठीत शिकतात. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांची अनेक मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जातात आणि कित्येक महिने शाळेबाहेर राहतात. असे मूल वर्गात गप्प बसते, वाचताना अडखळते. मग ‘हे मंद आहे’ असा शिक्का बसतो. तुमच्या मुलाबद्दल कोणी असे म्हटले असेल, तर घाबरू नका. पण दुर्लक्षही करू नका.

बुद्ध्यांक चाचणीची मर्यादा

चाचणीतला प्रश्नच मुलाला समजला नाही, तर गुण कमी येतात. त्यावरून बुद्धी कमी आहे असे ठरत नाही. आपल्याकडे वापरली जाणारी बिने-कामत चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली, कारण परदेशी चाचणी इथे जशीच्या तशी लागू होत नव्हती. गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला मराठीतून तपासताना हाच प्रश्न पुन्हा येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने १९७९ मध्ये बुद्ध्यांक चाचणीच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मंदबुद्धी मुलांच्या वर्गात घालण्यास मनाई केली.

बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यांकावर होत नाही. जेवण, कपडे, पैशांचा हिशेब, निरोप पोहोचवणे अशी रोजची कामे मूल कशी करते, हेही पाहावे लागते.

मानसशास्त्रज्ञाला काय यायला हवे?

चाचणी घेता येणे पुरेसे नाही. मुलाची घरची भाषा विचारणे, गरज पडल्यास दुभाषा घेणे, शाळा किती बुडाली याची नोंद करणे, पालकांशी मोकळे बोलणे आणि जातीवरून वा राहणीवरून अंदाज न बांधणे, हे प्रशिक्षणातच शिकवायला हवे.

तुम्ही काय विचाराल?

- तपासणी कोणत्या भाषेत झाली?
- कान आणि डोळे तपासले का?
- घरची माहिती अहवालात घेतली का?
- आता शाळेत नेमकी कोणती मदत मिळेल?
- पुन्हा तपासणी कधी?

तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरी चूकही टाळा

‘भाषेमुळेच होतंय, येईल हळूहळू’ म्हणून वर्षे घालवू नका. मूल घरच्या भाषेतही उशिरा बोलले असेल, हाक ऐकत नसेल, फिट येत असतील किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. कमी ऐकू येणे, अधू नजर, रक्तक्षय आणि थायरॉइडचा त्रास यांमुळेही मूल मागे पडते, आणि यांवर उपाय आहेत.

कुठे जायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा-अंगणवाडीत मोफत तपासणी करते. ते पुढे जिल्हा पातळीवर पाठवू शकते. बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता या दोन्हींना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्यता आहे. मानसिक ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

तपासणीला जाताना मुलाची वही, जुने कागद आणि घरी मुलाशी सर्वांत जास्त बोलणारी व्यक्ती सोबत न्या. आजीने सांगितलेली एखादी बारीक गोष्टही निदानाला मदत करते.