बिल्ड अडलं तर अडू दे

सकाळी 6.30
कळंबहून नेरळला लोकल गाठायला निघालेल्यांची घाई सुरू असते. माझं ऑफिस घरातच. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून आधी इन्व्हर्टर बघते, मग चहा.

8.00
रात्रीचं बिल्ड लाल, म्हणजे अडलेलं. आमच्या जावा प्रकल्पाची वेबसाइट मेव्हन तयार करतं. मार्कडाउन किंवा एक्सडॉकमधली पानं वाचून त्यांचं एचटीएमएल करायचं काम त्यातल्या डॉक्सियाचं. आज एक्सडॉकचं एक पान अडलंय. तक्रार 212व्या ओळीची: विभाग बंद होतोय, पण आतला ‘स्ट्रिंग’ टॅग उघडाच. 212व्या ओळीत काहीच चुकलेलं नाही. वर चढत गेले तर 87व्या ओळीत कुणीतरी ‘लिस्ट’ लिहून पुढे कोनी कंसात ‘स्ट्रिंग’ लिहिलंय. पान वाचणाऱ्या पार्सरला तो टॅगच वाटला आणि तो शेवटपर्यंत त्याचा जोडीदार शोधत राहिला.

हेच पान ब्राउझरने निमूट दाखवलं असतं. अनोळखी टॅग तो गिळतो. वाचणाऱ्याला नुसतं ‘लिस्ट’ दिसलं असतं. पण एक्सडॉक म्हणजे एक्सएमएल, आणि एक्सएमएलचा नियम 1998पासून स्पष्ट आहे: रचना मोडली की वाचन थांबवायचं. वाचकाच्या बाजूने उभा असलेला नियम आहे हा.

10.30
नव्या सहकाऱ्याचा फोन. ‘‘ताई, जुना कोड आहे, जावा सहावर चालायचा. एक अक्षर बदललं नाही, तरी जावाडॉक एरर देतंय.’’
‘‘फाइल तीच आहे रे, तपासणारा बदललाय.’’
2014मध्ये जावा 8 आलं, तेव्हा जावाडॉकमध्ये डॉकलिंट ही तपासणी आपोआप चालू झाली. कोडमधल्या टिप्पणीतलं मोकळं अँपरसँड किंवा स्वतःच बंद होणारा परिच्छेद-टॅग, जे वर्षानुवर्षं खपत होतं, ते एका दिवसात चूक ठरलं. अनेकांनी तपासणीच बंद केली. त्याला सांगितलं, ‘‘बंद करू नकोस. एकेक पॅकेज घे आणि साफ कर.’’

1.00
लाइट गेली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.

2.30
मदतीची पानं मराठीत आहेत. पोम या मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये यूटीएफ-8 लिहिलं नसेल तर मेव्हन त्या त्या मशीनचं एन्कोडिंग धरतं आणि नुसता इशारा देतं. जावाने 2022मध्ये, आवृत्ती 18पासून, यूटीएफ-8 हेच मूळ धरलं. पण जुन्या जावावरच्या विंडोज मशीनवर बिल्ड हिरवं आणि पानावर मराठीची भलतीच चिन्हं, असं होऊ शकतं. इथे इशारा पुरत नाही, बिल्ड अडायलाच हवं. म्हणून पोममध्ये एन्कोडिंग नसेल तर बिल्ड पाडणारा नियम आज जोडला.

4.30
दुसऱ्या प्रकल्पाची पानं स्फिंक्स या साधनावर. तिथे ‘डब्ल्यू’चा पर्याय दिला की प्रत्येक इशारा चूक ठरतो. एमकेडॉक्स या तशाच साधनात त्यासाठी ‘स्ट्रिक्ट’ आहे. स्फिंक्सच्या पानांत दोन तुटलेले दुवे सापडले, जोडले.

6.30
बिल्ड हिरवं. लॅपटॉप मिटते.

सॉफ्टवेअरची कागदपत्रं लिहिणाऱ्यांना एकच विनंती: कडक तपासणी पहिल्या दिवसापासून आणि प्रत्येक बदलाला चालू ठेवा. मग चुका एकेक करून समोर येतात, जागच्या जागी सुटतात. ढिला पार्सर लिहिणाऱ्याची पाच मिनिटं वाचवतो. त्याची किंमत ज्याला आपण कधी भेटणार नाही तो वाचक मोजतो.