कर्ज सुलभ, सुटका दुर्लभ

ऋण काढून सण करणाऱ्याची एके काळी आपल्याकडे टवाळी होत असे. आज सणासुदीच्या तोंडावर बँका आणि वित्तकंपन्याच कर्जाचे निमंत्रण घेऊन दारी येतात. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या वित्तीय स्थैर्य अहवालातील आकडे या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहेत. मार्च २०२३ मध्ये कर्जदार व्यक्तीच्या डोक्यावर सरासरी ३ लाख ९० हजार रुपयांचे कर्ज होते. मार्च २०२५ मध्ये ते ४ लाख ८० हजारांवर गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कुटुंबांच्या एकूण कर्जात घराव्यतिरिक्त, मुख्यतः उपभोगासाठी काढलेल्या कर्जांचा वाटा जवळजवळ ५५ टक्के होता. गृहकर्जाचा मात्र अवघा २९ टक्के.

एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, असे म्हणता येईल आणि ते खोटेही नाही. ही वाढ मुख्यतः चांगली पत असलेल्या कर्जदारांमुळे झाली, असे तोच अहवाल सांगतो. कर्ज हे मुळात पापही नव्हे. तथापि गृहकर्ज फिटते तेव्हा मागे घर उरते. उपभोगाचे कर्ज फिटण्याआधीच उपभोग संपलेला असतो. अशा वेळी नोकरी गेली किंवा घरात दुखणे निघाले, तर विकून मोकळे व्हावे असे त्या कर्जदाराजवळ काही राहत नाही.

रिझर्व्ह बँक स्वस्थ बसली आहे असेही नाही. कर्ज देणाऱ्या सुमारे १,१०० ॲपपैकी ६०० बेकायदा असल्याचे तिच्या अभ्यासगटाला २०२१ मध्ये आढळले आणि पुढल्या वर्षी त्या व्यवहारासाठी नियम झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने विनातारण ग्राहक-कर्जांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, म्हणजे असे कर्ज देताना बँकांना अधिक भांडवल राखणे भाग पडले. ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा एकूण खर्च सांगणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक झाले. हे सर्व उपाय योग्यच आहेत. परंतु ते आत जाण्याच्या दारावरचे पहारे आहेत. जो आत गेला आणि अडकला, त्याला बाहेर पडण्याचे दार कोठे आहे?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि पुणे-नगर भागांत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा दंडक तर त्याहूनही जुना. परकीय सत्तेलाही जे सुचले, ते आपण स्वराज्यात किती राखले?

बँकेचे व्याज अवाजवी आहे या कारणास्तव कोणत्याही न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, अशी तरतूद १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात आली. क्रेडिट कार्डावरील व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे २०२२ मध्येच स्पष्ट झाले होते. देशभर एकच नियामक असावा, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की, महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा गावच्या परवानाधारक सावकाराला आवरतो आणि मोबाइलवरून कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी त्याच्या कक्षेबाहेर राहते.

मग उरते ती दिवाळखोरीची वाट. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी स्वतंत्र भाग आहे. वर्षाला ६० हजारांपर्यंत उत्पन्न आणि ३५ हजारांपर्यंत कर्ज असलेल्या गरिबाला नव्याने आयुष्य सुरू करता यावे, अशी सोयही त्यात लिहिली आहे. परंतु २०१९ मध्ये हा भाग केवळ कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्या व्यक्तींपुरता अमलात आला. इतरांसाठी तो २०२५ पर्यंत तरी कागदावरच राहिला. त्यांच्या वाट्याला १९०९ आणि १९२० चे कायदे आले. बुडत्या कंपनीसाठी न्यायाधिकरण आणि बुडत्या कारकुनासाठी वसुली एजंट, अशी ही विभागणी आहे.

नादारीची सोय केली तर लोक मुद्दाम कर्ज बुडवतील, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे. तीत न्यायालयाची चौकशी असते, मालमत्तेचा हिशेब असतो, लबाडाला शिक्षाही असते. शिवाय ऐपत न पाहता कर्ज देणाऱ्यालाही नुकसानीचा वाटा उचलावा लागला, तर पुढचे कर्ज तो अधिक जबाबदारीने देईल. संहितेचा हा भाग काळानुरूप मर्यादा वाढवून संपूर्णपणे अमलात आणणे, एवढे तरी सरकारने करावयास हवे. कर्जरोखा आता कागदाचा राहिलेला नाही, त्यामुळे तो जाळता येत नाही. म्हणून प्रामाणिक कर्जदाराला अपमानाखेरीज त्यातून सुटता यावे, ही कायद्याची जबाबदारी अधिकच वाढली आहे.