वृक्षशल्यकाची साधने

उभ्या झाडाच्या रोगट, मोडक्या किंवा धोकादायक फांद्या काढणे, पसारा हलका करणे, फाटू लागलेल्या फांद्यांना आधार देणे आणि दाटीच्या जागी झाड शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी उतरविणे, ही कामे करणाऱ्या प्रशिक्षित कारागिरास वृक्षशल्यक म्हणतात. लाकूडतोड्या झाड आडवे पाडून मग कापतो. वृक्षशल्यकास ते उभे असतानाच, बहुधा त्याच्याच आधाराने लोंबकळत कापावे लागते. त्यामुळे त्याच्या साधनांना दोन कसोट्या लागू होतात : माणूस पडता कामा नये आणि जे झाड राखावयाचे आहे, त्याला चढण्या-कापण्यापायी इजा होता कामा नये. पहिली कसोटी कोणालाही समजण्यासारखी आहे. दुसरी समजण्यास बराच काळ लागला आणि हत्यारांच्या पेटीत झालेले मोठे बदल तिच्यामुळेच झाले.

या व्यवसायाला आधुनिक रूप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आले. इंग्लंडमध्ये जन्मलेले व ओहायओ राज्यातील केंट येथे स्थायिक झालेले जॉन डेव्ही (१८४६–१९२३) यांनी १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी झाडाची ढोली दाताच्या किडीप्रमाणे कोरून स्वच्छ करीत, तीत सिमेंट-काँक्रीट भरीत आणि कापलेल्या जागी डांबर किंवा रंग लावीत. साहजिकच छिन्नी, हातोडा, थापी व डांबराचा डबा ही कारागिराची नित्याची साधने होती. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे साखळी करवतीने उभी चिरून त्यांच्या जखमा तपासल्या व १९७७ मध्ये आपले निष्कर्ष सुसंगत स्वरूपात मांडले. प्राण्याची जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड बिघडलेला भाग रासायनिक व संरचनात्मक भिंतींनी वेगळा पाडते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढविते. ढोली खरवडणारी छिन्नी नेमकी हीच भिंत फोडते. डांबराने कूज थांबत नाही. ही उपकरणे त्यानंतर मागे पडली.

आरोहण साधने : पायाला बांधावयाचे पोलादी काटे हे चढण्याचे जुने साधन. पोटरीला पट्ट्याने आवळलेल्या पोलादी दांडीच्या खालच्या टोकास आतल्या बाजूने अणकुचीदार काटा असतो. तो खोडात रुतवीत कारागीर चढतो. जाड सालीच्या झाडांसाठी लांब, तर पातळ सालीसाठी व खांबांसाठी आखूड काटा वापरतात. पण प्रत्येक पावलागणिक काटा सालीतून ऊतककरापर्यंत (साल व लाकूड यांमधील वाढणाऱ्या थरापर्यंत) जातो आणि तितक्या जागी रोगजंतूंना वाट मिळते. म्हणून हे काटे पूर्ण काढून टाकावयाच्या झाडावरच वापरावेत, असा आता व्यवसायाचा नियम आहे. अपघातात अडकलेल्या माणसाची सुटका हा त्याला अपवाद होय. छाटणीसाठी काटे घालून चढणारा कारागीर कितीही चपळ असला, तरी तो कुशल म्हणता येत नाही.

राखावयाच्या झाडावर दोराच्या साहाय्याने चढतात. प्रथम सु. ३०० ते ४५० ग्रॅ. वजनाची शिशाच्या छऱ्यांची पिशवी बारीक, गुळगुळीत दोरीला बांधून मजबूत बेचक्यातून फेकतात आणि त्या दोरीमागून आरोहणदोर ओढून घेतात. पूर्वीच्या घायपाती-अंबाडीसारख्या तंतूंच्या दोरांची जागा आता नायलॉन व पॉलिएस्टर यांच्या विणीव दोरांनी घेतली आहे. त्यांची जाडी सामान्यतः ११ ते १३ मिमी. असते. अमेरिकेतील सुरक्षा मानकानुसार आरोहणदोर सु. २,४५० किग्रॅ. भारापर्यंत तुटता कामा नये. कमर व मांड्या यांना आधार देणाऱ्या आसनपट्ट्यास हा दोर कड्यांनी जोडतात. या कड्यांची झडप आपोआप मिटून अडकणारी असते.

या पद्धतीचे मर्म घर्षणगाठीत आहे. दोराचे एक टोक आसनपट्ट्यास बांधलेले असते. दोर वरच्या बेचक्यावरून जाऊन पुन्हा आरोहीकडे येतो व या परतलेल्या पदराभोवती दोराच्याच तुकड्याचे वेढे देऊन ती गाठ पट्ट्यास जोडतात. भार पडला की वेढे आवळतात व माणूस जागच्या जागी थांबतो. गाठ हाताने वरून हलकेच दाबली की वेढे सैल होतात व तो खाली सरकतो. एक मीटर उतरण्यास गाठीतून दोन मीटर दोर जावा लागतो. त्याच हिशेबाने, घर्षण वगळल्यास, चढताना वजनाच्या निम्मीच ओढ पुरते. अशी गाठ गिर्यारोहणात ऑस्ट्रियाचे कार्ल प्रूसिक यांनी १९३१ मध्ये प्रचारात आणली. वृक्षशल्यकांत दीर्घकाळ रूढ असलेल्या गाठीचे टोक कामाच्या ओघात गुंडाळत जाऊन सुटण्याचा धोका होता. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्लेक गाठ अधिक भरवशाची ठरली. फार वेगाने उतरल्यास घर्षणाच्या उष्णतेने गाठीचा दोर वितळून काचेसारखा चकाकू लागतो. म्हणून गाठीसाठी वेगळा आखूड तुकडा वापरणे सोयीचे होते, कारण तो झिजला की तेवढाच बदलता येतो.

बेचक्यावरून सारखा सरकणारा दोरही पातळ साल सोलून काढतो, ही गोष्ट काटे टाकून दिल्यानंतर लक्षात आली. त्यावर उपाय म्हणून दोन टोकांना एक मोठी व एक लहान अशा धातूच्या कड्या असलेला पट्टा फांदीला वेढतात आणि दोर कड्यांतून घेतात. काम संपल्यावर दोराच्या टोकास गाठ मारून ओढले असता ती मोठ्या कडीतून निसटते, लहान कडीत अडकते आणि पट्टा खाली येतो. एकाच जागी पक्क्या केलेल्या दोरावरून, पायाच्या व गुडघ्याच्या पकडींनी चढण्याची पद्धत २०१० नंतर विशेष पसरली. तीत दोर सरकत नसल्याने साल वाचते. मात्र दोराचे टोक झाडाच्या बुडाशी बांधले असेल, तर वरच्या फांदीवर आरोहीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे नवशिक्यांच्या ध्यानात राहत नाही.

मुख्य दोराखेरीज खोडाभोवती घ्यावयाचा आखूड कमरदोर असतो. त्याच्या गाभ्यात पोलादी तार घातल्यास हातकरवतीच्या निसटत्या घावापासून बचाव होतो. साखळी करवतीपुढे ती टिकेलच असे नाही, आणि विजेच्या तारांजवळ तर तीच जिवावर बेतते. साखळी करवत चालविताना माणूस दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे.

कापण्याची हत्यारे : बरीचशी छाटणी वक्र पात्याच्या हातकरवतीने होते. तिचे दाते ओढताना कापतात. त्यामुळे पाते पातळ असूनही वाकत नाही व एका हाताने काम करता येते. ती पायाला बांधलेल्या म्यानात ठेवतात. साखळी करवतीचा झाडावरील प्रकार लहान असून मूठ यंत्राच्या माथ्यावर असते. ती आसनपट्ट्यास दोरीने टांगलेली असते. एका हाताने चालविण्याचा मोह तिच्या आकारातच आहे आणि या व्यवसायातील दुखापतींमागे तो पुष्कळदा असतो. साखळी चुकून पायावर आली, तर विशिष्ट विजारीतील लांब तंतू ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात व साखळी अडते.

हत्यार कितीही चांगले असले, तरी जड फांदी एका घावात कापू नये. प्रथम खोडापासून सु. ३० सेंमी. अंतरावर खालून अर्धवट काप घेतात, मग किंचित बाहेरून वरचा काप घेऊन फांदी पाडतात. राहिलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाच्या फुगीर कंठाबाहेरून उतरवितात. कंठ खोडालगत सपाट कापला, तर झाडाची भिंत उभारण्याची जागाच नाहीशी होते. रोगट झाडानंतर पाते निर्जंतुक करणे आवश्यक असते. कॅनरी बेटांवरील खजूर-जातीच्या ताडांचा फ्युजेरियम मर रोग करवतीच्या दात्यांवरून झाडाझाडांत जातो.

खाली घर, भिंत किंवा तारा असल्यास तुकडा दोराने उतरवितात. वर जाड पट्ट्याने बांधलेली कप्पी व झाडाच्या बुडाशी दोराला वेढे देण्यासाठी धातूचा ढोल असतो. दोराच्या दोन्ही पदरांचा ताण कप्पीवर एकत्र येतो. त्यामुळे शांतपणे टांगलेल्या तुकड्याचाही तेथे जवळजवळ दुप्पट भार पडतो. तुकडा झटक्याने थांबविल्यास तो कित्येक पटींनी वाढतो. खालच्या माणसाने दोर हळूहळू सोडणे म्हणूनच निर्णायक ठरते.

महाराष्ट्रात शहरांतील झाडे १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाखाली येतात व ती तोडण्यास परवानगी लागते. पावसाळ्यापूर्वी मुंबईसारख्या शहरांत मोठ्या प्रमाणावर छाटणी होते. शिडी, कुऱ्हाड, कोयता व दोर ही तेथील जुनी साधने असून यांत्रिक करवती व उंच पाळणे त्यांत नंतर आले. कोयत्या-कुऱ्हाडीने वरून घाव घालून तोडलेली फांदी खालची साल सोलत जाते आणि मागे फाटका खुंट राहतो. त्या तुलनेत साधी ओढकरवत स्वस्त व झाडाच्या दृष्टीने कितीतरी बरी आहे.

कोकण, गोवा व केरळमधील माडावर चढण्याचे तंत्र निराळे आहे. पायांत दोरीचे वेटोळे अडकवून त्या दाबाने चढणे ही रूढ पद्धत. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची चालही किनारपट्टीत आढळते. माड, पोफळ यांसारख्या एकदलिकित झाडांच्या खोडात ऊतककराचा थर नसतो, त्यामुळे ही खाच वर्षानुवर्षे तशीच राहते. अलीकडे पोलादी तारेचे दोन फास व त्यांना जोडलेली पायघडी असलेले चढणयंत्र प्रचारात आले आहे. एका पायघडीवर भार देऊन दुसरा फास वर सरकवीत चढतात व खोडाला छेद द्यावा लागत नाही. नारळ विकास मंडळाने २०११ पासून या यंत्रावर तरुण-तरुणींना प्रशिक्षण देण्याची योजना राबविली. पिढीजात पाडेली कमी होत चालल्याने तिची गरज भासली होती.